तराफ्यावरची शिकार

दोन डोंगरांच्या मधून जिथे नदी खडकांवर आपटत, फेसाळत धावते, तिथल्या रानात, अगदी काठावरच्या एका कपारीत, एक लांडगीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. मुलांनो, लांडगीण म्हटले की तुम्हाला लगेच तिचे सुळे आठवतात, हे मला ठाऊक आहे. पण ही लांडगीण त्या दिवसांत इतकी खंगली होती, की तिला पाहून ससासुद्धा पळण्याआधी क्षणभर विचार करील. अर्थात ससा तिथे उरलाच नव्हता, हीच तर अडचण होती.

झाले होते असे. उन्हाळ्यात नदीच्या या काठावर वणवा लागला. गवत जळाले, झुडपे जळाली, आणि पिल्लांचा बाप घराकडे परत येता येता धुरात गुदमरून गेला. नदीत तेव्हा पाणी नावालाच होते. चितळ, सांबर, भेकर, सगळी आपापली खुरे भिजवत आरामात पलीकडे निघून गेली. मग पाऊस झाला, नदी दुथडी भरली, आणि शिकार त्या काठावर व शिकारी या काठावर, अशी परिस्थिती झाली.

लांडगिणीने खेकडे खाल्ले, बेडूक खाल्ले, शेवटी झाडाच्या सालीखालचे किडेही खाल्ले. अशा खाण्याने दूध येत नाही. तिची दोन पिल्ले दिवसभर कुईकुई करीत तिला ढुशा देत. तिसरे, सगळ्यांत धाकटे, कुईकुईसुद्धा करीत नसे. नुसते डोळे उघडून तिच्याकडे पाहत पडून राही. त्या पिल्लाचे ते पाहणे तिला सहन होत नसे, म्हणून ती सारखी बाहेर पडे. आणि बाहेर पडले की समोर, नदीपलीकडे, चितळांचा कळप चरताना दिसे. इतक्या जवळ, की त्यांचे कान हललेले तिला दिसत. एकदा तिने धीर करून पाण्यात पाय घातला. पाण्याने तो पाय असा ओढला की कशीबशी खडकाला नखे रुतवून ती मागे आली.

त्या रानात तिच्याखेरीज मोठे शिकारी दोनच उरले होते, एक कोल्हा आणि एक तरस. कोल्हा लांडग्याचा जुना दोस्त, म्हणून तो लांडगिणीला वहिनी म्हणे. स्वभावाने वाईट नव्हता. त्याला फक्त बेत करायचा नाद होता. कोणताही बेत करा, कोल्हा पुढे. तो पार पाडायची वेळ आली की मात्र त्याला पुढचा बेत सुचलेला असे.

एके दिवशी सकाळी हा कोल्हा धावत कपारीपाशी आला. धापा टाकत म्हणाला, "वहिनी, आपलं पोटाचं संकट मिटलं म्हणून समजा!"

"काय झालं, भावजी? पाणी उतरलं?"

"पाणी कशाला उतरायला हवं? पाण्यानेच सोय केली! आत्ता मी काय पाहिलं ठाऊक आहे? एक घोरपड एका ओंडक्यावर बसून नदीतून चालली होती. पाय हलवत नव्हती, शेपटी हलवत नव्हती. नुसती बसली होती पाटलिणीसारखी! आणि ओंडका आपला चालला होता. घोरपडीला जमतं ते आपल्याला जमू नये?"

कपारीजवळच, काठावर, पुराने वाळक्या बांबूंचा ढीग आणून टाकला होता. ते बांबू एकमेकांना बांधायचे, तराफा करायचा आणि नदीतून खाली जायचे, असा कोल्ह्याचा बेत होता. समोरच्या समोर नदी ओलांडणे शक्य नव्हते. पण खाली, चार वळणे गेल्यावर, नदी रुंद होऊन शांत होते असे त्याने ऐकले होते. लांडगिणीने ऐकून घेतले. कित्येक दिवसांनी तिच्या काळजात काहीतरी हलले. तिने विचारले, "किती दिवस लागतील?" धाकट्या पिल्लाजवळ किती दिवस उरले आहेत, याचा हिशेब ती मनातल्या मनात करीत होती.

दुपारी तिघांची बैठक बसली. आता इथे शिकाऱ्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. शिकारीला निघण्याआधी ते तीन प्रश्न विचारतात. शिकार कोणती? वारा कुठला? वाटा कोणाचा किती? आजोबा-पणजोबांपासून हेच तीन प्रश्न. चौथा प्रश्न कोणी कधी विचारला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. रानातल्या वाटेने गेले की त्याच वाटेने परत येता येते. आपल्याच पायांचा वास धरून डोळे मिटून चालले तरी बिळाशी पोहोचता येते. त्यामुळे घरी परत कसे यायचे, हा बेताचा भाग असतो, हेच त्यांना माहीत नव्हते. ते काही मूर्ख नव्हते. जमिनीवर चालणारे होते, एवढेच.

"शिकार कोणती?" तरसाने विचारले. त्याचा आवाज घोगरा आणि बोलणे थोडके.

"ती मी डोळ्यांनी पाहून येतो," कोल्हा म्हणाला, आणि खरोखरच गेला. बेताच्या बाबतीत तो कधी आळस करीत नसे.

तो काठाकाठाने दिवसभर चालला. चौथ्या वळणावर याच बाजूला एक उंच कडा होता. त्याच्या टोकावर कोल्हा पोटावर पडला आणि मान लांब करून पाहू लागला. खाली भलामोठा डोह. पलीकडे पांढरी वाळू, वाळूमागे हिरवेगार कुरण, आणि कुरणात चितळेच चितळे. कोल्ह्याच्या तोंडाला असे पाणी सुटले की ते कड्यावरून खाली ठिबकले असेल. पण तो नुसता लाळ गाळत बसला नाही. दुसऱ्या दिवशी परत येताना वाटेत एका ठिकाणी थांबून त्याने नदीत ओंडके ढकलले आणि पुन्हा कड्याकडे पळत जाऊन ते कुठे लागतात ते पाहिले. असे सात वेळा केले. सातही ओंडके समोरच्या वाळूला लागले.

"सातच्या सात!" परत आल्यावर तो लांडगिणीला सांगत होता. पळून पळून त्याचे पाय सुजले होते. "एकही चुकला नाही, वहिनी. नदीला जणू तिकडेच जायचं आहे!"

लांडगिणीचे डोळे भरून आले. "भावजी, तुम्ही होतात म्हणून," एवढेच ती म्हणाली. त्या सातांपैकी एकही ओंडका या काठाला लागला नाही, याचा अर्थ काय होतो, हे सांगणाऱ्यालाही सुचले नाही आणि ऐकणारीलाही नाही.

मग काम सुरू झाले. तरसाचा जबडा म्हणजे विचारूच नका. हाडे फोडणाऱ्या त्या दातांनी तरस बांबू सारख्या लांबीचे कातरू लागले. कोल्ह्याने पळसाच्या मुळ्या खणून काढल्या. लांडगिणीने त्या दगडाने ठेचल्या, त्यांतले धागे, म्हणजे वाख, सुटे केले आणि त्यांचे दोर वळले. तिच्या पंजांची कातडी सोलून निघाली. तरी ती मधे मधे कपारीकडे धावत जाऊन पिल्लांना चाटून येई, आणि परत येऊन पुन्हा दोराला लागे. दोन दिवसांत तराफा तयार झाला असता.

वाऱ्याचा प्रश्न कधीच सुटला होता. पण तिसरा राहिला होता ना! वाट्याचा!

"मागच्या दोन्ही तंगड्या माझ्या," तरस म्हणाले. "बांबू मी तोडले."

"आणि बेत कोणाचा?" कोल्हा म्हणाला. "काळीज माझं. प्रत्येक शिकारीतलं."

"प्रत्येक? किती शिकारी करणार आहेस?"

"तीन तरी. एवढ्या लांब जायचं ते एका चितळासाठी?"

"मग तीन चितळं ठेवायला तराफ्यावर जागा कुठे आहे?"

झाले. तराफ्याचे बांधलेले दोर पुन्हा सोडले. आणखी बांबू कातरले, आणखी मुळ्या ठेचल्या. एक चितळ पुढे, दोन मागे, मध्ये लांडगीण, असे वाळूवर पंजाने आखून झाले. डावीकडे रक्त सांडून बांबू निसरडे झाले तर तिथे बसणाऱ्याने काय करायचे, यावरही सकाळभर वाद झाला. येताना मांस कुठे ठेवायचे हे अगदी बारकाईने ठरले. मांस आणायचे कसे, हे मात्र कोणाच्या तोंडीही आले नाही.

लांडगीण म्हणाली, "मला तीन पोटांपुरतं द्या. बाकी तुम्ही दोघं वाटून घ्या. पण निघा आता. माझ्या धाकट्याने आज मानसुद्धा उचलली नाही."

"निघायचंच आहे, वहिनी. बेत पक्का नको का व्हायला?" कोल्हा म्हणाला. आणि खरे सांगायचे तर तिलाही ते पटले. ज्या बेतावर आपला जीव टांगलेला आहे, तो कोणी इतक्या काळजीने करतो आहे, हे पाहून तिला बरेच वाटत होते.

जवळच एका खडकावर एक पाणमांजर मासा खात बसले होते. ते त्या नदीतच जन्मले, त्या नदीतच वाढले. इतके दिवस त्याने हा सगळा खटाटोप पाहिला होता, पण कोणी विचारल्याशिवाय बोलायचे नाही असा त्याचा स्वभाव. शेवटी त्याला राहवले नाही.

"कुठे निघालात म्हणायचं?"

"चौथ्या वळणावर. शिकारीला," कोल्हा छाती फुगवून म्हणाला.

"बरं. आणि मग?"

"मग काय? शिकार करणार, तराफ्यावर टाकणार, परत येणार."

"परत कसं येणार?"

"गेलो तसेच."

पाणमांजर हसले. कोल्हा थट्टा करतो आहे असे त्याला वाटले. पण कोणीच हसत नाही हे पाहून त्याने तोंडातला मासा खाली ठेवला. "अहो, माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं," ते म्हणाले, "खाली जायचं म्हटलं तर मला काहीच करावं लागत नाही. पण वर यायचं तर एकेक खडक पकडत, काठाला चिकटून, दम खात यावं लागतं. तेही मोकळ्या अंगाने. तुम्ही तीन मुडदे घेऊन कसे येणार? पाणी काही तुमच्यासाठी उलटं फिरायचं नाही."

"याला भीती वाटते आहे," तरस कोल्ह्याला म्हणाले, "आपण नदीत उतरलो तर याच्या माशांचं काय होईल म्हणून."

कोल्ह्याला ते लगेच पटले, कारण त्याला तेच पटवून घ्यायचे होते. पाच दिवस राबून केलेल्या बेताला एका ओल्या प्राण्याने नावे ठेवावीत, हे त्याला लागले होते. "मासे खाणाऱ्यांनी शिकाऱ्यांना शिकवू नये!" तो फणकारला.

"बरं बाबा, नाही शिकवत," पाणमांजर म्हणाले, आणि मासा उचलून पाण्यात गेले.

लांडगिणीने मात्र तो प्रश्न ऐकला होता. तिने मनाशी विचारले, आपण खरेच कसे येणार आहोत? तिने तोंड उघडले. "भावजी, हे म्हणतं त्यात..." आणि ती थांबली. कपारीतून पिल्लांचा आवाज येत नव्हता. ती कान टवकारून उभी राहिली. कुईकुई नाही, काही नाही. ती धावत सुटली. आत जाऊन पाहते तर तिन्ही पिल्ले एकमेकांवर पडून झोपली होती, नुसती झोपली होती. पण त्या चार उड्यांत तिचे अर्धे आयुष्य संपले. बाहेर आली तेव्हा विचारायचे होते ते तिने विचारले नाही. विचारले असते तर पुन्हा बैठक, पुन्हा वाद, आणखी दोन दिवस. ती एवढेच म्हणाली, "उद्या सकाळी निघायचं. नाहीतर मी एकटी निघते."

सकाळी तिने तिन्ही पिल्लांना नाकापासून शेपटीपर्यंत चाटले. दोघांनी तिच्या तोंडाला तोंड लावून काही मिळते का पाहिले. धाकट्याने डोळे उघडले.

"येते हं मी," ती म्हणाली. "भरपूर घेऊन येते. एकमेकांना सोडू नका."

आणि मुलांनो, खोटे कशाला सांगू? तो बेत उत्तम होता. पहिल्या वळणावर कोल्हा ओरडला, "डावीकडे कला!" तिघे डावीकडे कलले आणि तराफा खडकाला नुसता घासून पुढे गेला. दुसऱ्या वळणावर पाणी असे उसळले की तरसाने डोळे मिटून बांबू दातांत धरला. पण दोर तुटले नाहीत. लांडगिणीने वळलेले दोर ते, तुटणार कसे? तिसऱ्या वळणावर तर नदीने त्यांना उचलून अलगद पुढे ठेवले. किती दिवसांनी लांडगीण पाय न झिजवता कुठेतरी चालली होती. काठावरची झाडे मागे पळत होती. तिला वाटले, ही नदी आपल्याला उगाच वैरीण वाटत होती. क्षणभर ती अगदी आनंदात होती.

चौथे वळण आले, डोह आला, आणि आठव्या ओंडक्यासारखा तो तराफा पांढऱ्या वाळूला जाऊन लागला.

चितळांनी आजवर वैरी झाडीतून येताना पाहिले होते. पाण्याकडून कोणी येईल हे त्यांच्या गावीही नव्हते. उपाशी असली तरी लांडगीण ती. दुपार कलायच्या आत तीन चितळे वाळूवर पडली. कोल्हा नाचत होता. तरस हाडे फोडत होते, आणि दर घासाला "वा, वा," म्हणत होते. लांडगिणीने चालण्यापुरते दोन घास खाल्ले. मग सगळ्यांत कोवळ्या चितळाची एक मांडी तोडून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "चला."

त्यांनी ठरल्याप्रमाणे एक चितळ पुढे आणि दोन मागे ठेवली. लांडगीण मध्ये बसली. कोल्ह्याने आणि तरसाने तराफा ढकलला. तराफा पाण्यात गेला आणि खाली जाऊ लागला. त्यांनी घाईघाईने तो ओढून आणला. पुन्हा ढकलला, या वेळी तोंड वर करून. तोंड वर ठेवूनच तो खाली जाऊ लागला. तिसऱ्या वेळी कोल्हा गळ्यापर्यंत पाण्यात उतरला आणि खांदा लावून रेटू लागला. नदीने तराफ्याला एक गिरकी दिली आणि कोल्ह्यासकट परत वाळूवर आणून टाकले.

"उलटा धरून पाहू," तरस म्हणाले.

लांडगीण तराफ्यावरून खाली उतरली.

"मग समोर जाऊ," लांडगीण म्हणाली. "वर नको. नुसतं आपल्या काठाला लागू. तिथून मी चालत जाईन."

तिघांनी समोर पाहिले. समोर तो कडा होता. पाण्यातून सरळ वर गेलेला, ओला, काळा, कुठे बोटभर खाच नाही, झुडूप नाही, आणि डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसाच. त्याच्या पलीकडे खाली नदी पुन्हा कोसळत होती. कोल्हा कड्याच्या टोकाकडे पाहू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तिथेच होतो, वहिनी. तिथे वर. पोटावर पडून पाहत होतो."

"मग खाली नाही पाहिलंत?"

"हरणं पाहत होतो," कोल्हा म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

तरसाला मात्र एवढे वाईट वाटण्यासारखे काय झाले ते कळेना. "इथे खायला आहे, प्यायला आहे," ते म्हणाले. "त्या जळक्या काठावर जायचंय कशाला? थंडी पडली की पाणी उतरेल. तेव्हा बघू."

"थंडी पडल्यावर?" लांडगिणीने विचारले. एवढेच विचारले. पण तिने ते असे विचारले, की तरसाने तोंडातले हाड खाली ठेवले. बघा, त्या दोघांचा बेत पुरा झाला होता. पोटे भरायची होती, ती भरली. त्या काठावर वाट पाहणारे त्यांचे कोणी नव्हते. बुडाली ती एकटी लांडगीण, आणि तेही शिकार साधल्यावर.

तिने मांडी तोंडात धरली आणि नदीच्या काठाने वर चालू लागली. कोल्हा तिच्यामागे थोडे अंतर गेला. "वहिनी, थांबा. काहीतरी बेत करू," तो म्हणाला. तिने मागे वळून पाहिले नाही. तेव्हा तो तिथेच बसला.

तो दिवस, दुसरा दिवस आणि तिसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत ती चालत होती. काठ म्हणजे वाट नव्हे. कुठे दरड कोसळलेली, कुठे ओढे मिळालेले, कुठे करवंदीच्या जाळ्या. तिने मांडी तोंडातून सोडली नाही. भूक लागली तेव्हा गवत चावले. वाटेत तिला वाटे, आपल्या कपारीसमोर कदाचित पाणी उतरले असेल. कदाचित एखादे झाड आडवे पडले असेल. काहीतरी असेल.

काही नव्हते. नदी होती तशीच होती. समोर ती ओळखीची कपार, तो दगड, त्यावर पिल्ले ऊन खात बसत ती सपाट जागा, सगळे इतके जवळ की एक मोठी झेप घ्यावी आणि पोहोचावे. तिने मांडी खडकावर ठेवली आणि पाण्यात उडी टाकली. पाण्याने तिला उचलले आणि त्याच काठावर, वीस पावले खाली, खडकावर आपटले. तिचा एक पाय दुखावला. ती लंगडत परत त्या मांडीपाशी आली आणि उभी राहिली.

तेवढ्यात कपारीतून एक पिल्लू बाहेर आले. मग दुसरे. लांडगीण पाण्याच्या अगदी कडेशी आली. ती तिसऱ्याची वाट पाहू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मग तेही आले. पोटावर घसटत, थांबत थांबत आले. तिन्ही जिवंत होती! त्या माउलीला काय वाटले असेल ते मला लिहिता येणार नाही. ती नाचली, उडाली, मांडी उचलून त्यांना दाखवू लागली.

पिल्लांनी तिला पाहिले. आई दिसली, आईच्या तोंडात मांस दिसले. ती खडकांवरून घरंगळत, एकमेकांवर पडत, सरळ पाण्याकडे निघाली. त्यांना नदी काय माहीत? त्यांना आई आणि आपण यांच्यामध्ये काही असते, हेच माहीत नव्हते.

"मागे जा!" लांडगीण ओरडली. "मागे, मागे!"

नदीच्या गर्जनेत तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार? पिल्लांना एवढेच दिसले की आई उड्या मारते आहे, तोंड उघडते आहे, आपल्याला बोलावते आहे. पिल्ले आणखी जोरात धावली. थोरल्याने पुढचे दोन्ही पाय पाण्यात घातले. पाण्याने त्याला एक हिसका दिला. ते पडले, उठले आणि पुन्हा आईकडे बघून पाय घालू लागले. तिच्या ओरडण्याने पिल्ले येत होती. तिच्या उभे राहण्याने ती येत होती.

मग तिला कळले की आपण इथे दिसता कामा नये.

तिने मांडी तोंडात घेतली आणि पिल्लांकडे पाठ फिरवली. एकेक पाऊल टाकत ती एका मोठ्या खडकाच्या मागे गेली आणि तिथे अंग चोरून पडून राहिली. आई दिसेनाशी झाल्यावर पिल्ले थांबतील, कपारीत परत जातील, एवढी एकच गोष्ट तिला त्यांच्यासाठी करता येण्यासारखी होती. पिल्ले थांबली की नाही, हे पाहायला तिला मान बाहेर काढावीशी वाटत होती. पण मान बाहेर काढली असती तर पिल्ले पुन्हा पाण्याकडे निघाली असती.

ऊन सरकत सरकत तिच्या पाठीवरून उतरले. पुढ्यात ते मांस तसेच होते. लांडगिणीने मान बाहेर काढली नाही.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी आपण घराबाहेर पडतो, त्यांच्यापर्यंत परत कसे यायचे हे निघण्याआधी विचारावे, तो प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर त्याच्यावर रागावू नये, आणि घाई आहे म्हणून स्वतः तो गिळू नये.